नस सुकली म्हणतात ती नेमकी काय? काचबिंदू, दृष्टीची नस आणि सोलापुरातले अनुभव

चाटीगल्लीकर

आपल्याकडे डोळ्याची तक्रार निघाली की पुढचा प्रश्न ठरलेला: नंबर वाढला की मोतीबिंदू झाला? तिसरं काही असू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मग एके दिवशी डॉक्टर सांगतात, "नस सुकलीय", आणि घरचे विचारतात, "बरं, मग ऑपरेशन कधी करायचं?" नात्यात, कारखान्यात, शेजारीपाजारी हा प्रश्न इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की म्हटलं एकदा सविस्तर धागा काढावा.

माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग सांभाळणारे कारागीर, होते. काचबिंदूने त्यांची नजर गेली. "गेली" म्हणजे कशी ते आधी सांगतो, कारण लोकांची गाडी इथेच अडते. तक्त्यावरची अक्षरं ते आजही शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचतात. चष्मा लावून पेपर वाचतात. पण ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहून जाते, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, आणि कन्ना चौकात रिक्षा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पाहुण्यांत कुजबुज व्हायची की पेपर वाचता येतो आणि समोर ठेवलेली बादली दिसत नाही, हे कसलं आंधळेपण? एका काकांनी तर तोंडावर "नाटक" असा शब्द वापरला.

तर प्रकार असा आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उमटलेलं मेंदूपर्यंत पोचवणारी जी नस, ती ऑप्टिक नर्व्ह. एकेका डोळ्याच्या नसेत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. आमच्या धंद्याच्या भाषेत हा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, समजा. फरक एवढाच की मागावर ताण्याचा धागा तुटला तर गाठ मारून पुढे विणता येतं, इथे गाठ मारायची सोयच नाही. हातापायाच्या नसांना इजा झाली तर त्या हळूहळू थोड्याफार वाढतात. दृष्टीची नस हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग, त्यामुळे तिचे तंतू मेले की परत येत नाहीत.

काचबिंदूत काय होतं? डोळ्यात एक पाणी सतत तयार होत असतं आणि बारीक जाळीतून बाहेर जात असतं. जाळी तुंबली की आतला दाब वाढतो. साधारण १० ते २१ (मिलिमीटर पारा) हा दाब नॉर्मल धरतात. वाढलेला दाब नस जिथे डोळ्यातून बाहेर पडते तिथे तिला चेपतो आणि तंतू मरू लागतात. सुरुवात बहुधा बाजूच्या नजरेपासून होते, मधली नजर शेवटपर्यंत टिकते. अक्षरं वाचायला मधली नजर लागते, म्हणून तक्ता पास. दुखत नाही, लाल होत नाही. आणि गेलेल्या जागी काळा डाग दिसतो असंही नाही. दुसरा डोळा भर घालतो, उरलेलं मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो. वडिलांना "तुम्हाला डावीकडे काय दिसतं?" असं विचारलं तर ते "भिंत" म्हणायचे. तिथे माणूस उभा असायचा.

काही लोकांचा दाब नॉर्मल असूनही नस खराब होते, म्हणून नुसता दाब मोजून "सगळं ठीक" म्हणणंही अर्धवट. डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून नसेचं तोंड बघावं लागतं, आणि फील्ड टेस्ट, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी, करावी लागते. त्या मशिनमध्ये हनुवटी टेकवून बसायचं आणि दिवा चमकला की बटण दाबायचं. वडील त्याला "व्हिडिओ गेम" म्हणतात. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा एक जुना, बऱ्याचदा दिला जाणारा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नसतो, आणि त्यांनी नंबर काढायला चष्म्याचं दुकान गाठलेलं असतं.

ऑपरेशन होतं. वडिलांचंही झालं. पण ते दाब कमी करून उरलेलं वाचवायला असतं. पट्टी काढल्यावर आधीपेक्षा जास्त दिसेल अशी आशा लावून बसायचं नसतं, आणि हे ऑपरेशनच्या आधी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगायला पाहिजे. मोतीबिंदूवाल्या शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी लख्ख दिसलेलं असतं, त्यामुळे आपल्यावेळी डॉक्टरनेच काहीतरी बिघडवलं असा समज होतो.

काचबिंदू सोडून इतर कारणांनी नस गेलेले कुणी आहेत का इथे? आणि अपंगत्वाच्या दाखल्याचं काय केलंत? आम्हाला एका ठिकाणी "हे तर वाचतात की" म्हणून परत पाठवलं होतं. पुढे काम झालं, ते खाली सांगेन.

शेंगापोळी

वाचतेय. आधी एक विचारते, "नाटक" म्हणणारे काका आता काय म्हणतात?

चाटीगल्लीकर

@शेंगापोळी, त्यांचीही फील्ड टेस्ट झाली. सख्खे भाऊ आहेत ना वडिलांचे. त्यांच्या डोळ्यातही सुरुवात निघाली, आता रोज रात्री थेंब घालतात. बोलत काही नाहीत.

निवासी_वैद्य

नेत्रविभागात शिकतोय, म्हणून चार शब्द. निदान मात्र धाग्यावर करणार नाही, कृपया रिपोर्टचे फोटो टाकू नका.

धागाकर्त्याने सख्ख्या भावाचं लिहिलं ते महत्त्वाचं आहे. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर आपला धोका कित्येक पटीने वाढतो. अशा घरातल्या प्रत्येकाने चाळिशीत, शक्यतो आधीच, नस तपासून घ्यावी. केस पेपर काढतानाच सांगा: "घरात काचबिंदू आहे, नस बघायची आहे." नाहीतर ओपीडीच्या गर्दीत नंबर काढून देतील आणि तुम्ही घरी.

दुसरी गोष्ट, काचबिंदू नेहमी मुकाट येतो असं नाही. एका प्रकारात डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट (तिला कोन म्हणतात) अचानक बंद होते. डोळा लाल, भयंकर ठणका, दिव्याभोवती रंगीत कडी, डोकं फुटतंय असं वाटतं आणि उलट्या. आपल्याकडे याला पित्त समजतात. आल्याचा रस, सोड्याचं पाणी, झोपेची गोळी असं करत रात्र काढतात. सकाळपर्यंत नसेचं पुष्कळ नुकसान झालेलं असतं. पित्ताने एकच डोळा लाल होत नाही. असं दिसलं तर रात्रीच सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत या.

तिसरं, टॉर्च. दोन्ही डोळ्यांवर आलटूनपालटून उजेड पाडला की दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसायला हव्यात. एका बाजूची नस कमजोर असेल तर त्या डोळ्यावर उजेड आल्यावर बाहुली उलट मोठी होते. ही तपासणी फुकटची आहे, मशिन लागत नाही, आणि माणूस नाटक करतोय की नाही हेही तीच सांगते. दोन्ही नसा सारख्याच गेल्या असतील तर मात्र फसवते.

पूर्वभाग

आमच्या घरचं सांगतो की ओ. आमच्या वदिना, म्हणजे वहिनी, बिड्या वळतात. त्यांना टीबी झाला. सरकारी गोळ्या चालू होत्या, वजन वाढायला लागलं, खोकला थांबला, सगळे खुश. मग एकदा म्हणाल्या, दोरा मातकट दिसायलाय. दोरा लालभडक होता ओ. आम्ही हसलो. पुढं दोन्ही डोळ्यानं मधोमधच धूसर, माणसाचा चेहराच कळंना, पण चालताना कुठं धडकत नव्हत्या.

डोळ्याच्या डॉक्टरनी विचारलं, टीबीच्या गोळ्या किती महिने झाल्या? त्यातली एथॅमब्युटॉल नावाची गोळी नसेला लागते म्हणे काही जणांना. लगेच टीबीच्या डॉक्टरकडं पाठवलं, ती एक गोळी बंद करून बाकीचा कोर्स बदलून दिला. हळूहळू बरंचसं आलं, पण महिने गेले. बारीक सुईत दोरा अजून ओवता येत नाही त्यांना.

चाटीगल्लीकर, तुमच्या वडिलांचं कडेचं गेलं नि आमच्या वदिनांचं मधलं. दोन्हीला नसच म्हणतात, म्हणून लिहिलं.

निवासी_वैद्य

@पूर्वभाग, फार चांगलं केलंत लिहिलंत. इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी: हे वाचून कुणीही टीबीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. हा त्रास थोड्या लोकांना होतो, डोसवर अवलंबून असतो, मूत्रपिंडाचा आजार असेल तर जास्त. बहुधा दोन महिन्यांनंतर दिसतो. पण हल्लीच्या रोजच्या उपचारात एथॅमब्युटॉल शेवटपर्यंत चालू असतं, म्हणून नजर आणि रंग याबद्दल रुग्णाला दर महिन्याला विचारायला हवं. घरच्या घरी सोपं: एकेक डोळा झाकून रोज तीच लाल वस्तू बघायची. फिकी किंवा तपकिरी वाटली तर त्याच दिवशी केंद्रावर सांगायचं. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीला लिनेझोलिड देतात, तेही नसेला लागू शकतं.

आणि विषय निघालाच आहे तर, विषारी दारू. त्यातल्या मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते नेमकं ह्याच नसेवर जातं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली ते आठवत असेल. अशा प्रकरणात वाचलेल्यांपैकी काहींची नजर कायमची जाते. प्यायल्यावर लगेच काही होत नाही, अर्धा-एक दिवस उलटल्यावर "सगळं पांढरं धुकट दिसतंय" अशी तक्रार येते. घरचे म्हणतात, उतरली नाही अजून. तो वेळ फार मोलाचा असतो.

मी_मानसी

माझं वेगळं. वय २६, मूळची होटगी रोडची, नोकरीला पुण्यात. एके सकाळी डावा डोळा इकडेतिकडे फिरवला की आत खोलवर दुखायला लागलं. स्क्रीनमुळे असेल म्हटलं. तीन-चार दिवसांत त्या डोळ्यावर कुणीतरी बटर पेपर लावल्यागत झालं. गंमत म्हणजे डोळा बाहेरून ठणठणीत. पहिल्या डॉक्टरांनी तर आतून बघूनही नस नॉर्मल दिसते म्हणाले. सूज डोळ्याच्या मागे, आत असली तर सुरुवातीला दिसत नाही असं नंतर कळलं. याचं नाव ऑप्टिक न्यूरायटिस. नसेवरचं आवरण आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती खाते.

एमआरआय झाला, शिरेतून स्टिरॉइड झाले. इथे एक माहिती देते, कारण घरच्यांनी "सलाईन कशाला, गोळ्याच द्या ना" असा धोशा लावला होता. १९९२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत असं दिसलं की शिरेतून दिल्यावर नजर लवकर सुधारते, आणि नेहमीच्या डोसच्या नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांना उलट पुन्हा पुन्हा झटके येतात. तेव्हा गोळ्यांचा हट्ट धरू नका. एमएस आणि एनएमओ नावाच्या आजारांसाठीही (यातही प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते) तपासणी होते. ती टाळू नका, कारण एनएमओ असेल तर औषधांचा मार्गच वेगळा असतो.

आता तक्त्यावर माझे दोन्ही डोळे ६/६, म्हणजे नॉर्मल, आहेत. सगळे म्हणतात बरी झालीस. पण डाव्या डोळ्याने आईची पैठणी धुवून विटल्यासारखी दिसते. आणि उन्हाळ्यात सोलापूरला आले की कमाल होते. मे महिन्यात ४३-४४ अंशांत स्टेशनवरून घरी येईपर्यंत डावा डोळा धूसर. पंख्याखाली बसून गार पाणी प्यायलं की तासाभरात परत. पहिल्यांदा मी ढसाढसा रडले होते, वाटलं परत झटका आला. डॉक्टरांनी सांगितलं की अंग तापलं की खराब झालेल्या नसेतून संदेश नीट जात नाहीत, नवीन नुकसान नाही. गरम पाण्याच्या अंघोळीनेही होतं. थंडी पडली की काही नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेला मी एकदम फिट असते!

बाळीवेस_अक्का

सगळं वाचलं. मला एक सांगा, एवढी लोकं नेत्रदान करतात, मग ते डोळे अशांना का बसवत नाहीत? माझ्या मावसभावाला हाच आजार, आणि तो गेली कित्येक वर्षं नेत्रपेढीत नाव नोंदवायचं म्हणतोय.

निवासी_वैद्य

अक्का, नेत्रदानात अख्खा डोळा बसवत नाहीत. पुढची पारदर्शक काच, म्हणजे बुबुळावरचा कॉर्निया, तेवढा बदलतात. ज्यांचा कॉर्निया पांढरा झालाय त्यांना उपयोग. मावसभावाचा कॉर्निया स्वच्छ असेल, बिघाड मागच्या तारेत आहे. २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला एका माणसाला अख्खा डोळा बसवला, चेहऱ्याच्या काही भागासकट. डोळा जगला, रक्तपुरवठा सुरू राहिला, पण त्याने दिसत नाही. कारण हीच नस जोडता येत नाही. नेत्रदान मात्र जरूर करा, आणि काचबिंदू झालेली माणसंही बहुतेक वेळा कॉर्निया देऊ शकतात.

बाळीवेस_अक्का

आता कळलं. त्याला नीट समजावते. उगीच आस लावून बसलाय, आणि तोवर काठी घ्यायला तयार नाही.

जुळेसोलापूर

आस लावून बसलेल्यांचा बाजार भरलाय त्याचं काय? माझ्या मेव्हण्याची नस मोटरसायकलच्या अपघातात गेली. भुवईवर मार लागला होता, डोळ्याला खरचटलंही नव्हतं, आणि त्या डोळ्याने काळाकुट्ट. (हेल्मेट डिकीत होतं. असो.) एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याने स्टेम सेलची इंजेक्शनं सांगितली, काही लाखांचं पॅकेज. सासऱ्यांनी एक गुंठा काढायची तयारी केली होती. मी आडवा पडलो, म्हणून अजून बोलत नाहीत माझ्याशी.

आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय की रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, इतर ठिकाणी तो फक्त नोंदणीकृत चाचणीतच द्यायचा. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ गुंठे वाचतील.

मेव्हण्याला दाखला मिळेल का? एक डोळा पूर्ण बंद, दुसरा ६/६.

सातरस्ता

दाखल्याचं मी सांगतो, लोकांचे फॉर्म भरून देण्यात केस पांढरे झालेत.

जुळेसोलापूर, तुमच्या मेव्हण्याला ३० टक्के मिळतील. सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी किमान ४० लागतात. एक डोळा गेलेल्यांची ही जुनी खंत आहे. माझ्या मते ती रास्त आहे, पण आज नियम असा आहे. एजंट ४० करून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

धागाकर्त्याच्या वडिलांसारख्यांसाठी मुद्दा वेगळा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टी दोन मापांनी मोजतात. एक अक्षरांचं माप, दुसरं दृष्टिक्षेत्राचं. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याने ३/६० पेक्षा कमी दिसत असेल (नॉर्मल नजरेला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही नाही) तर अंध. किंवा, आणि ह्या "किंवा"खाली रेघ मारा, क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर अक्षरं कितीही वाचली तरी अंधच. ४० ते १० अंशांच्या मध्ये असेल तर अल्पदृष्टी. टक्केवारीच्या तक्त्यात चांगल्या डोळ्याचं क्षेत्र २० अंशांच्या आत आलं की आकडा ७० च्या घरात जातो. काउंटरवरच्या माणसाला नेहमी तक्ताच आठवतो. त्याच्याशी वाद घालू नका, फील्ड टेस्टचा छापील रिपोर्ट पुढे ठेवा. रिपोर्ट ताजा हवा, दोन्ही डोळ्यांचा हवा.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, आधार आणि फोटो लागतो, मग दिलेल्या दवाखान्यात तपासणीला जायचं. तिथूनच प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. जुनं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र कपाटात असेल तर ते ऑनलाइन करून घ्या. नोकरदारांनो, आयकरात दिव्यांगांसाठी (१९६१ च्या कायद्यात कलम ८०यू) ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्क्यांपुढे सव्वा लाखाची. फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. बऱ्याच जणांनी न बघता नवी निवडलेली असते.

चाटीगल्लीकर

आमचं अगदी असंच झालं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फील्डचा कागद वर ठेवला. तपासणाऱ्या बाई होत्या, त्यांनी अक्षरांआधी तोच बघितला आणि वडिलांना दारातून चालत यायला सांगितलं. ७० टक्के. वडिलांना आनंद झाला की वाईट वाटलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. कार्ड पाकिटात असतं, एसटीत मात्र काढत नाहीत.

परगावचा_सोलापूरकर

मधुमेह आणि बीपी असणाऱ्यांसाठी. मी रात्री ठीक झोपलो, सकाळी उठलो तर उजव्या डोळ्याचा खालचा अर्धा भाग गायब. दुखणं शून्य. निदान: नसेला रक्त कमी पडलं. नसेचा झटका म्हणा. स्टिरॉइडपासून काय काय करून बघतात, पण खात्रीचा उपाय नाही असं मला दोन डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आणि त्या सरळपणाबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पुढच्या पाच वर्षांत दुसऱ्या डोळ्यालाही होण्याची शक्यता साधारण १५ टक्के असते. म्हणून आता साखर, बीपी आणि घोरणं ह्या तिन्हींच्या मागे लागलोय. घोरण्याचा काय संबंध असं मीही विचारलं होतं. झोपेत श्वास अडकणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो. बीपीची गोळी रात्री घेत असाल तर वेळेबद्दल डॉक्टरांना विचारा, पहाटे बीपी फार उतरणं नसेला बरं नाही असा संशय आहे.

साठीपुढच्या कुणाला अशीच अचानक नजर गेली आणि सोबत कानशिलं दुखत असतील, भाकरी चावताना जबडा भरून येत असेल तर तो आणखी वेगळा आजार. त्यात स्टिरॉइड त्याच दिवशी लागतात, नाहीतर दुसरा डोळाही जातो. आपल्याकडे कमी दिसतो, पण कडक भाकरी खाणाऱ्या गावात जबडा दुखला तर दोष भाकरीलाच देणार, म्हणून लिहिलं.

शेंगापोळी

स्टिरॉइडचं नाव सारखं येतंय म्हणून उलट बाजूही. आमच्या वाड्यातल्या पोराचे डोळे दर उन्हाळ्यात खाजायचे. धूळ आणि ऊन, सोलापुरात निम्म्या पोरांना असतं. एकदा डॉक्टरांनी थेंब दिले, दोन दिवसांत आराम. मग आईने रिकामी बाटली दाखवून मेडिकलमधून तीच आणायची, असं तीन उन्हाळे. चिठ्ठी कुणी मागितली नाही. त्या थेंबांत स्टिरॉइड होतं. दाब वाढत गेला, शाळेत फळा दिसेना तेव्हा कळलं. अकराव्या वर्षी काचबिंदू. आता पोरगं दहावीला आहे, लेखनिक घेऊन परीक्षा देईल. खाजेच्या थेंबांची बाटली नीट वाचा बायांनो. नावात डेक्सा, बीटा, प्रेड असलं काही दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरी आणू नका.

पांढरीकाठी

हा धागा मी कानांनी वाचतोय. मोबाइलमधलं टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं ॲप, सगळ्यांची नावं इतकी मजेशीर उच्चारतं की काय सांगू. लहानपणी टीबीचा मेंदूज्वर झाला, मेंदूतला दाब वाढून दोन्ही नसा सुकल्या. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. बँकेत नोकरी करतो.

आतापर्यंत सगळे डॉक्टरांचं बोललात, माझं म्हणणं दाखल्याच्या नंतरचं. चाटीगल्लीकर, वडिलांना काठी आत्ताच शिकवा, मधली नजर शाबूत असताना. ज्याला थोडं दिसतं त्याला काठीची जास्त लाज वाटते, कारण लोक म्हणणार "हा तर पेपर वाचतो". पण काठी दोन कामं करते. पायरी सांगते आणि रिक्षावाल्याला सांगते. दुसरं काम सोलापुरात जास्त महत्त्वाचं. रस्ता ओलांडताना मान पूर्ण डावीकडून उजवीकडे फिरवायची सवय लावावी लागते, नुसते डोळे फिरवून भागत नाही. हे रोज सराव करून अंगात मुरतं.

घरात पैसे न लागणारी कामं पुष्कळ आहेत. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट दार कपाळ फोडतं. स्टीलच्या ताटात पांढरा भात आणि दही दिसत नाही, गडद रंगाची ताटली वापरा. शेंगाचटणी कुठे वाढली ते सांगा: "उजवीकडे वर". "तिकडे आहे" हे वाक्य घरातून हद्दपार करा, आमच्यासाठी "तिकडे" नावाची जागा नसते. बादली मधे ठेवायची नाही हे पाहुण्यांनाही सांगा, काकांना विशेष.

आणि हात धरून ओढू नका. कोपर पुढे करा, आम्ही धरतो. गड्ड्यावर एकदा तीन अनोळखी लोकांनी मला उचलून रस्ता ओलांडून दिला. मला ओलांडायचाच नव्हता, मी भजी घ्यायला उभा होतो.

मी_मानसी

@पांढरीकाठी 😂 भजी मिळाली का शेवटी?

पांढरीकाठी

परत येईपर्यंत थंड झाली होती.

बाळीवेस_अक्का

मावसभावाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "विचार करतो" म्हणाला. याआधी सरळ नाही म्हणायचा. काठी कुठे मिळेल आणि शिकवतं कोण?

सातरस्ता

अक्का, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात आणि महापालिकेच्या दिव्यांग कक्षात विचारा, यूडीआयडी घेऊन जा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत शिबिरं होतात, त्यात काठी मिळते. शिकवणाऱ्यासाठी अंधशाळेच्या शिक्षकांना भेटा, मोठ्या माणसांनाही सांगतात ते. नुसती काठी आणून कोपऱ्यात ठेवली तर तिचा झाडू होतो.

पूर्वभाग

थेंबाचं एक विचारायचं होतं. आमच्या मामांना पण काचबिंदू निघाला. दोन बाटल्या दिल्यात. एकामागोमाग एक टाकायचे का? आणि दम्याचा पंप आहे त्यांना, चालतंय का?

निवासी_वैद्य

दम्याचं आजच डॉक्टरांना सांगा, वाट बघू नका. टिमोलॉल नावाचा थेंब दम्याला आणि मंद ठोक्यांना चालत नाही. डोळ्यात घातलेलं औषध नाकातून रक्तात जातं, म्हणून थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. दोन थेंबांत किमान पाच मिनिटं अंतर ठेवा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. लॅटानोप्रॉस्ट नावाचा थेंब असेल तर सीलबंद बाटली फ्रिजमध्ये ठेवा. उघडलेली बहुतेक ब्रँडची बाहेर २५ अंशांपर्यंत चालते, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरात तेवढं कमी तापमान पहाटेही नसतं, तेव्हा तीही फ्रिजच्या दारातच. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहायची आणि चार आठवड्यांनी थोडं उरलं असलं तरी टाकून द्यायची.

पूर्वभाग

पंपाचं सांगितलं नव्हतं मामांनी. बाटली बघितली, टिमोलॉलच हाय. आत्ता फोन लावतो दवाखान्यात.